माळ घातली, मग हात का कापतो?

॥ रामकृष्ण हरि ॥

भगवंतांनी गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले. त्यांपैकी राजस सुख तोंडाला लावताना गोड असते आणि परिणामी घात करते. सात्त्विक सुखाचा क्रम उलटा. आरंभी ते घशाखाली उतरत नाही, गोडी मागाहून येते. हे निरूपण ऐकताना मंडळी माना डोलावतात. पण आरंभीचा तो कडूपणा किती दिवसांचा, तो मनालाच लागतो की शरीरालाही, आणि लागला तर माणसाने करावे काय, हा प्रश्न ज्याच्यावर वेळ येते त्यालाच पडतो. त्याच्यासाठी आज चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. विषय मद्यत्यागाचा आहे. दारू वाईट, हे मात्र आम्ही सांगणार नाही. ज्याने ती सोडली त्याला ते आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. सोडल्यानंतर देहाचे काय होते आणि ते कसे सोसावे, एवढेच पाहू.

आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात माळ घालण्याचे दोन मोठे प्रसंग. एक फाल्गुन वद्य षष्ठीचा, पैठणास नाथमहाराजांच्या पायाशी. दुसरा आषाढी एकादशीचा. ज्यांना पंढरीस जाणे घडत नाही ते वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरात दर्शनाला लोटतात. त्या देवळाच्या आसपास कारखान्यांची वसाहत आहे. पाळी संपवून आलेला कामगार, गंगथडीचा शेतकरी, ट्रकवर राबणारा, असे पुष्कळ लोक गळ्यात तुळशीची माळ घालतात आणि त्याच क्षणी बाटली खाली ठेवतात. संकल्प मोठा आहे, त्याला आमचा दंडवत. परंतु पुढचे चार दिवस या माणसावर काय गुदरते, हे आपल्या दिंडीला, फडाला, घरच्यांना ठाऊक असले पाहिजे. ठाऊक नसल्यामुळे माळ तुटते. क्वचित प्राणही जातो.

नाथषष्ठीनंतर एक म्हातारी माउली आमच्याकडे आली. म्हणाली, "महाराज, लेकानं माळ घातली अन् दुसऱ्या दिवसापासून त्याला बाहेरचं लागलं. हात लटलट कापतोय, घामानं आंथरूण भिजतंय, रातभर डोळ्याला डोळा नाही. आता म्हणतो भिंतीवर किडे चाललेत. शेजारची म्हणती, माळ झेपली नाही त्याला, काढून ठेवा. काढू का?" आम्ही विचारले, "किती वर्षे घेत होता?" म्हणाली, "धा-बारा वर्षं. रोजची." आम्ही म्हटले, "आई, माळ गळ्यात राहू द्या आणि लेकाला आत्ताच्या आत्ता घाटीत न्या. हे बाहेरचे नाही, आतले आहे." नेले. आठ दिवसांनी तो आपल्या पायाने घरी आला, माळेसकट.

आता हे 'आतले' म्हणजे काय, ते पाहा. खांद्यावर कावड घेतलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. एका अंगाच्या घागरीत वर्षानुवर्षे दारूचे वजन वाढत गेले. दारूचा धर्म मेंदूला दडपण्याचा, सुस्त करण्याचा. मेंदू बिचारा जगायचे म्हणून दुसऱ्या अंगाच्या घागरीत तेवढेच वजन चढवीत राहिला. आपली जागे ठेवणारी, चेतवणारी शक्ती त्याने वाढवून ठेवली. कावड अशी तोलली गेली. आणि एके दिवशी एका अंगाची घागर अचानक उतरवली. काय होईल? कावड दुसऱ्या अंगाला धाडकन कलंडेल. नाडी धावते, रक्तदाब चढतो, हात कापतात, घाम फुटतो, मळमळते, झोप उडते, बारीकशा आवाजाने माणूस दचकतो. यात देवाचा कोप नाही, माळेचा दोष नाही आणि भक्तीचा कच्चेपणाही नाही. वजन उतरल्याची ही खूण आहे. थोडे दिवस दिले की मेंदू दुसरी घागर आपोआप हलकी करतो.

मात्र ते थोडे दिवस जपण्याचे आहेत, आणि त्यांचा हिशेब वैद्यकशास्त्राने नीट मांडला आहे. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत कंप, घाम, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या ४८ तासांत काहींना फीट येते. ज्याला जन्मात कधी फीट आली नाही त्यालाही येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींचे भान हरपते. दिवस-रात्र कळत नाही, नसलेली माणसे दिसतात, ताप भरतो, माणूस उठून पळू लागतो. ही अवस्था उपचाराविना प्राणघातक आहे. सगळ्यांना असे होते असे नाही. कधीमधी घेणाऱ्याला बहुधा काहीच होत नाही. बरेच जण दोन-चार दिवसांच्या कापऱ्यावर निभावतात. परंतु जो वर्षानुवर्षे रोज आणि पुष्कळ पीत आला, ज्याला सकाळी उठल्यावर हात स्थिर करण्यासाठीच घोट लागतो, ज्याला पूर्वी सोडताना फीट आली होती, त्याने घरी एकट्याने एकदम सोडू नये. त्याने आधी डॉक्टर गाठावा आणि मग सोडावी. फीट, भास, ताप, न थांबणारी उलटी, उलटीत रक्त, यांपैकी काहीही दिसले तर अंगारा शोधीत बसू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. वारीच्या वाटेवर असाल तर शासनाची आरोग्यपथके असतात, तेथे न्या. आणि विणेकऱ्यापासून चोपदारापर्यंत सर्वांनी हे ध्यानात ठेवा की, दिंडीत नवा माळकरी चालत असेल तर पहिले चार दिवस त्याला एकटे सोडू नये.

येथे कोणी शंका घेईल, "बुवा, नामात एवढे सामर्थ्य असताना डॉक्टर कशाला?" शंका रास्त आहे. समाधान चरकाचार्यांनीच करून ठेवले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे तीन मार्ग सांगितले. दैवव्यपाश्रय, म्हणजे मंत्र, व्रत, नियम, देवाचे पाय. युक्तिव्यपाश्रय, म्हणजे आहार आणि औषध यांची योजना. आणि सत्त्वावजय, म्हणजे अहितकारक विषयांपासून मन आवरून धरणे. तिन्ही एकाच ग्रंथात, एकाच ओळीने बसवले आहेत; एक घेतला म्हणजे दुसरा टाकावा असे आचार्य म्हणत नाहीत. वारीत पायाला काटा मोडला तर आपण नाम घेत घेतच काटा काढतो ना? तसेच हे. नाम ओढीसाठी आहे, औषध कंपासाठी आहे.

त्याच चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा चोविसावा अध्याय मदात्ययाचा, म्हणजे मद्याने होणाऱ्या रोगांचा आहे. आपल्या पूर्वजांनी या दुखण्याला पाप म्हणून हाकलून दिले नाही. त्यावर अख्खा अध्याय खर्ची घातला. सूत्रस्थानात आणखी एक मार्मिक गोष्ट आहे. अंगवळणी पडलेले अहितही शहाण्याने क्रमाने, चतुर्थांश चतुर्थांश करून सोडावे, एकदम तोडू नये. आजचे डॉक्टर वेगळ्या रीतीने तेच करतात. दारू एकदम बंद करतात, आणि तिच्या जागी मेंदूला शांत करणारे औषध देऊन ते दिवसागणिक उतरवीत नेतात. बहुधा आठवड्याभरात तेही थांबते. यावरून कोणी घरच्या घरी दारूचे माप कमी करीत बसू नये. ज्याचे माप त्याच्याच हातात, त्याची चतकोर कधी उतरत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. तशाच त्या शांत करणाऱ्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत. त्यांचीही सवय लागते, आणि दारूवर घेतल्या तर श्वास मंदावतो.

दुसरे औषध त्याहून साधे, पण फार मोलाचे आहे. त्याचे नाव बी-१ जीवनसत्त्व, ज्याला थायमिन म्हणतात. पिणारा जेवत नाही, आणि जे खातो त्यातले हे सत्त्व दारू अंगी लागू देत नाही. ते फार कमी पडले की बुबुळे स्थिर राहत नाहीत, चाल झोकांड्या खाते, बोलण्यात गोंधळ होतो. म्हणजे पाहा, न पिताही माणूस प्यायल्यासारखा दिसतो! घरचे म्हणतात, "चोरून घेऊन आला." आणि उपचाराची वेळ हुकते, मग स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून दोन गोष्टी करा. असा माणूस दिसला तर आधी तोंडाचा वास घेत बसू नका, दवाखान्यात न्या. आणि तेथे गेल्यावर दारू लपवू नका. आपल्याकडे अशक्तपणा आला की सलाईन लावून घेण्याची रीत आहे; परंतु पिणाऱ्याला ग्लुकोज देण्याआधी हे बी-१ द्यावे लागते, आणि डॉक्टरला कळलेच नाही तर तो देणार कसा? गळ्यात माळ आहे म्हणून सांगायची लाज वाटते, असे काही जण म्हणतात. अहो, वैद्यापुढे लाज कसली?

आता उपासाचा प्रश्न. पंचांग उघडून पाहा. षष्ठीला माळ घातली की पाचव्या दिवशी एकादशी येते. आषाढीला घातली तर पहिलाच दिवस उपासाचा. म्हणजे देह कापत असताना, पोटात अन्न नसताना, घामावाटे पाणी जात असताना हा भाबडा जीव निर्जळी करतो किंवा साबुदाण्यावर राहतो. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नाही. जे सत्त्व त्याला हवे ते तर जवळजवळ नाहीच.

या ठिकाणी आम्ही नाथमहाराजांच्या दारात उभे राहून बोलतो. काशीची गंगा कावडीत भरून नाथ रामेश्वराला निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव पाण्यावाचून तडफडत होते. बरोबरचे लोक पाहत राहिले आणि नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिती केली. रामेश्वर बुडाला का? परंपरा सांगते, तेथेच पोहोचला. बंधूंनो, आज तुमचा स्वतःचा देह त्या वाळूत पडला आहे. वर्षानुवर्षे तुम्ही त्याच्यावर ओझे लादले, त्याला चाबूक मारला. आता तो पाणी मागतो आहे. त्याला पाणी पाजा, पेज पाजा, भाकरी खाऊ घाला. पहिला महिनाभर डॉक्टर म्हणतील तसे जेवा. त्या एकादशीला अन्न सोडण्याऐवजी तुम्ही दारू सोडली आहे, याहून कडक उपवास दुसरा कोणता? पांडुरंग कमरेवर हात ठेवून युगानुयुगे उभा आहे. तो पुढच्या एकादशीपर्यंत थांबेल.

पहिला आठवडा ओलांडला की लोक म्हणतात, "सुटला." खरी वारी येथून पुढे आहे. मोठा धोका टळतो, पण देह हळूहळू पूर्ववत होतो, आणि त्याच्या चाली ठाऊक नसल्या की माणूस घाबरून परत फिरतो.

पहिली तक्रार झोपेची. दारूने येते ती गुंगी. तिला झोप समजण्याची सवय झालेली असते. सोडल्यावर काही आठवडे, कोणाला काही महिने, झोप तुटक येते. याने कोणी मरत नाही. दुपारची झोप टाळावी, संध्याकाळनंतर चहा घेऊ नये, आणि रात्र कशीही गेली तरी पहाटे ठरल्या वेळी उठावे. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, निद्रा आणि जागरण यांना माप घालण्यास सांगितले आहे, ते जणू याच माणसासाठी. झोप लागली की आणखी एक गंमत होते. स्वप्नात माणूस पितो! दचकून उठतो, तोंडाला चव आल्यासारखी वाटते, आणि माळ बाटली म्हणून रडतो. ही स्वप्ने या अवस्थेत पुष्कळांना पडतात. वेदांताचा साधा सिद्धांत लक्षात ठेवा, स्वप्नातल्या वाघाने अजून कोणाला खाल्ले नाही. उठा, चूळ भरा, नाम घ्या.

दुसरी तक्रार गोडाची. ज्याने कधी पेढ्याकडे पाहिले नाही तो गूळ मागतो. मागू द्या. पुष्कळदा भूक लागली तरी त्याला ती दारूचीच ओढ वाटते. म्हणून पोट रिते ठेवू नये. ज्वारीची भाकरी, वरण, हरभरा, शेंगदाणे-गूळ, ताक, केळे, असे थोडे थोडे खात राहावे. डाळी, अख्खे धान्य आणि शेंगदाणे यांत ते बी-१ ही असते. मधुमेह असेल त्याने मात्र गोड डॉक्टरला विचारून घ्यावे.

तिसरी पायांची. तळपायांची आग, मुंग्या, बधिरता. शिरांना झालेली ही इजा भरायला महिने लागतात, आणि ती सगळी भरतेच असे नाही. पाय बधिर असतील तर यंदा अनवाणी वारीचा हट्ट धरू नका. जखम झालेली कळत नाही.

चौथी मनाची. चिडचिड, उदासी, कशातच रस नाही. कीर्तनातही मन लागत नाही, आणि मग तो म्हणतो, "देवानेही टाकले." अरे बाबा, देवाने टाकले नाही. मेंदूला इतकी वर्षे उधारीचा आनंद मिळत होता. स्वकष्टाचा आनंद मिळवायला तो पुन्हा शिकतो आहे. रस नसला तरी टाळ हातात धरून मागच्या ओळीत उभे राहा. उदासी फार दाटली, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात आला, तर तो मनात ठेवू नका. घरच्यांना आणि डॉक्टरला त्याच दिवशी सांगा.

आणि ओढ? ती लाटेसारखी येते. बहुधा दिवेलागणीला येते, कारण गुत्त्याची वेळ तीच होती. संतांची योजना पाहा. हरिपाठाची वेळही तीच! हरिपाठ म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात बहुतेक लाटा ओसरतात. तेव्हा ती वेळ देवळात, चार माणसांत काढा.

या सगळ्यात देह गुपचूप आपले काम करीत असतो. यकृतावर चढलेली चरबी काही आठवड्यांत उतरू लागते, रक्तदाब खाली येतो, तोंडावरची सूज जाते, महिने जातील तशी स्मरणशक्ती सुधारते. ज्याचे यकृत आधीच कठीण झाले असेल त्याचे सगळे भरून येत नाही, पण सोडल्याचा लाभ त्यालाही होतो. कावीळ झाली, पोटात पाणी झाले, तरी "आता सोडून काय उपयोग" असे म्हणू नये.

एक इशारा मात्र गाठीला बांधा. चरकाचार्यांनी ध्वंसक आणि विक्षेपक असे दोन कष्टसाध्य विकार सांगितले आहेत, आणि त्यांचे कारण असे की, मद्य सोडलेला माणूस एकाएकी पुन्हा पुष्कळ पितो. आजचे शास्त्रही सांगते की, सोडल्यानंतर देहाची जुनी सहनशक्ती राहत नाही. पूर्वीचे माप आता विष ठरते. शिवाय पुनःपुन्हा सोडणे-धरणे चालले की दर खेपेचा कंप आधीच्याहून उग्र होत जातो. तरीही पाय घसरलाच तर लपू नका. घाटात घसरलेला वारकरी उठून त्याच वाटेने पुढे जातो, आळंदीला परत जाऊन पुन्हा निघत नाही. डॉक्टरकडे जा, माळ घेऊन जा.

आता मायबहिणींना दोन शब्द. त्याला न सांगता चहात किंवा भाजीत दारू सोडवण्याची पूड घालू नका. अशा काही औषधांवर दारू पोटात गेली की तोंड लाल होते, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीव जातो. ते औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याच्या संमतीनेच द्यायचे असते. आसवे आणि अरिष्टे यांतही आंबवण्यामुळे मद्यांश असतो; वैद्याला आधी सांगा. आणि त्याचा हात कापताना "आता कशी जिरली" हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. तुम्ही सोसले आहे, रागावण्याचा तुमचा अधिकार आहे. पण तो राग एक महिना देवाजवळ ठेवा.

मदत मागण्यात कमीपणा नाही. आमच्या शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सारा मराठवाडा घाटी म्हणतो, १९५६ पासून गोरगरिबांचे आहे. तेथे मानसोपचार विभाग आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण उभे केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. अमेरिकेत १९३५ साली दोन पिणाऱ्यांनीच एकमेकांना सावरत ए. ए. ची संघटना सुरू केली. १९५७ पासून तिचे काम भारतातही चालते. ते लोक आजच्या एका दिवसापुरते न पिण्याचा नेम करतात. आपल्याला हे नवे नाही; वारीतही आपण पंढरपूर चालत नाही, पुढचा मुक्कामच चालतो. घरबसल्या विचारायचे असेल तर केंद्र शासनाचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा विनामूल्य दूरध्वनी आहे.

तात्पर्य, माळ हा देवाशी केलेला करार आहे आणि देह हा त्या करारातील साक्षीदार आहे. साक्षीदाराला उपाशी, तहानलेला, औषधावाचून ठेवून करार पाळता येत नाही. ज्याचा हात आज कापतो आहे, त्याने त्या कापऱ्या हाताने माळेचा एक मणी ओढावा. बाजूला उभे असणाऱ्यांनी त्याचा दुसरा हात धरावा आणि त्याला दवाखान्याची वाट दाखवावी. ती वाट पंढरीच्याच वाटेतला एक मुक्काम आहे.

॥ रामकृष्ण हरि ॥